गिरणीच्या आवाजातली प्रार्थना

मंठ्यात आमची पिठाची गिरणी आहे, बाजाराच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मिस्टर होते तोवर ते दळायचे आणि मी घर बघायची. ते गेल्यावर गिरणी काही दिवस बंद राहिली. मग गल्लीतल्या बायका येऊन विचारायला लागल्या की दळण आता कुठं टाकायचं, दुसरी गिरणी पार नाक्यावर आहे. म्हणून उघडली. मन रमवायला वगैरे नाही. लोकांना पीठ लागतं.

आम्ही ख्रिस्ती. माझं माहेर जालन्याचं, तिथली मंडळी मोठी, चर्च जुनं. मंठ्यात आमची मोजकी घरं. रविवारी एका निवृत्त मास्तरांच्या ओसरीवर उपासना होते आणि अधूनमधून जालन्याहून पाळक येतात. आमच्यात एक पद्धत आहे. उपासनेत पाळक कुणाकडेही बघून म्हणतात, "तुम्ही प्रार्थना करा," आणि त्या माणसानं उभं राहून आपल्या शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना करायची. काहींना हे फार छान जमतं. आमचे एक काका आहेत, ते थेट स्वर्गापासून सुरुवात करतात. मग देशाचे राज्यकर्ते, सीमेवरचे जवान, प्रवासी, आजारी, अनाथ असं करत करत आमच्या जवळच्या वाटूर फाट्यापर्यंत येतात तेव्हा आतल्या चहावर साय धरलेली असते.

मला मात्र एक वाक्य जमायचं नाही. "प्रभू, तुझे आभार, आमेन," एवढं म्हणून मी खाली बसायची. पुढे पाळकांनी मला सांगणंच सोडून दिलं. मला बरं वाटलं.

मिस्टर गेल्यावर मंडळी घरी प्रार्थनेला यायची. सगळी मनापासून बोलायची, मला शांती मिळावी म्हणून मागायची. मी डोळे मिटून बसायची आणि स्वयंपाकघरात दूध उतू जातंय का त्याचा वास घ्यायची. शांती काही मिळत नव्हती. एकदा पाळकांना तसं सरळ सांगितलं. ते म्हणाले की एकट्यानं प्रार्थना करा, पण मोठ्यानं, तोंडानं करा, कारण मनातल्या मनात बोलणारा माणूस दुसऱ्या वाक्याला भाजीच्या विचारात शिरतो. हे मला पटलं, कारण माझं तेच होत होतं.

घरी करून पाहिलं. आमची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे. मी दोन वाक्यं बोलले तर पलीकडून शेजारीण म्हणाली, "काय म्हनलात ताई?" तो प्रयोग तिथंच संपला.

मग गिरणीत झालं ते आपोआप झालं. दळताना पीठ उडतं म्हणून मी जुनी ओढणी नाकातोंडावरून, कानावरून घट्ट बांधते. नुसते डोळे उघडे. मोटर चालू झाली की शेजारी उभ्या बाईचं बोलणं तिच्या हातवाऱ्यांवरून ओळखावं लागतं. अशात एका सकाळी गहू ओतता ओतता मी बोलायला लागले. पहिली प्रार्थना म्हणजे तक्रारच होती. "मला न विचारता माणूस नेलास," इथून सुरू झाले आणि बरंच काही बोलले, मोठमोठ्यानं. माझं मलाही ऐकू आलं नाही. समोर रांग उभी होती, कुणाला पत्ता नाही. दळण संपलं तेव्हा लक्षात आलं की माझे खांदे खाली आलेत. कितीतरी दिवस ते कानाला टेकले होते.

त्या दिवसापासून रोज. तक्रार संपायला महिना लागला असेल. मग स्वतःबद्दल बोलण्यासारखं फारसं उरेना आणि दळण तर रोज असायचं. म्हणून ज्या बाईचा डबा हातात येईल तिच्यासाठी बोलायला लागले. गिरणीच्या रांगेत बायका सगळं सांगतात. कुणाचा मुलगा परतूरला कॉलेजात बसून मोबाईलच बघतो, कुणाची कंबर धरली आहे, कुणाच्या घरी पाहुणे बघायला यायचे आहेत. डबा ओतायचा आणि म्हणायचं, "प्रभू येशू, हिची कंबर बघ." लांब नाही. दळण होईपर्यंत जेवढं होईल तेवढं. डोळे उघडेच ठेवायचे. फिरत्या पट्ट्याजवळ डोळे मिटून प्रार्थना करणं म्हणजे देवाला उगाच कामाला लावणं.

संध्याकाळी गिरणी झाडून घरी जायची तेव्हा अंग दुखायचं, पण मनात शांत असायचं. आधी पाय दुखायचे आणि मनही दुखायचं. एवढा फरक पडला. याला शांती म्हणतात हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं, कारण मी ती शांत जागी शोधत होते.

आता पुण्याची गोष्ट. मुलगा तिथं नोकरीला, सून चांगली, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मुलगा म्हणायचा, आई, या वयात पोती कशाला उचलतेस, गिरणी विकून टाक आणि इकडे ये. त्याचं चूक नव्हतं. माझा उजवा हात रात्री दुखतो हे त्याला माहीत आहे. "तुला करमलं नाही तर घरघंटी घेऊन देतो," असंही तो म्हणाला. त्यानंच ओळखीतून गिऱ्हाईक शोधलं, आणि तो माणूस गिरणी बघायला येणार असं ठरलं. मला काही केल्या निर्णय होत नव्हता. जावं वाटे, आणि सकाळी शटर वर केलं की जाऊ नये वाटे. देवाला विचारत होते. उत्तर येत नव्हतं.

त्या दिवशी रांगेत मागच्या गल्लीतल्या मावशी होत्या. शेतीवाडीवालं घर, दिसायला धडधाकट, आणि जीभ अशी की विळ्याला धार लावायची गरज पडू नये. सोबत सून, ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन. येतानाच मावशी तिला बोलत होत्या, ज्वारी निवडायला तिला किती वेळ लागला त्याच्यावरून. सून डबा सावरत होती. त्यांच्या मागे कापड दुकानवाल्या भाभी, चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, मराठी आमच्याहून चांगलं. आणखी दोघी होत्या.

मी ज्वारी ओतली आणि सुरू केलं. मधेच लाईट गेली. मोटर बंद पडली तरी दगड थोडा वेळ फिरत राहतात, आवाज हळूहळू उतरत जातो. कानावर ओढणी, आणि मी बोलण्यात. तेव्हा सगळ्या गिरणीला माझी प्रार्थना ऐकू आली, आणि आवाज मोटरच्या वर जाईल असा लावलेला:

"...आणि बापा, या मावशींची जीभ जरा आवर. सून गुणी आहे, तिला सुखानं दोन घास खाऊ दे. अन् माझंही बघ. परवा तो माणूस गिरणी बघायला येतोय. विकू का ठेवू ते नीट सांग. मला कोड्यातलं कळत नाही."

मग मला ती शांतता ऐकू आली.

ओढणी खाली ओढली. चौघी माझ्याकडे बघत होत्या. सून सोडून. ती रिकाम्या डब्यात बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं क्षणभर वाटलं, पण ती हसत होती.

"कोनाची जीभ?" मावशी म्हणाल्या.

ऐकलंय ते ऐकलंय. म्हटलं, "तुमची, मावशी."

"न्हाई दळायचं मला हितं. चल गं, उचल डबा."

पण डब्यात होतं काय? त्यांची ज्वारी अर्धी वरच्या तोंडात आणि अर्धी दगडांमध्ये. लाईट आल्याशिवाय ना ज्वारी मिळणार ना पीठ. हे मावशींच्याही लक्षात आलं. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या आणि माझ्याकडे पाठ करून पोत्यावर बसल्या. बाकीच्याही बसल्या. मी मनात म्हटलं, आता विकायचा प्रश्न उरला नाही, उद्यापासून इथं कुणी फिरकणार नाही.

भाभींनी सुरुवात केली. हळूच विचारलं की हे असं तुम्ही रोज करता का. हो म्हटलं. माझ्यासाठीही? हो. काय बोलता? मी सांगितलं की तुमची मुलगी लांब दिली आहे, तिचा फोन नाही आला की तुम्ही दळण विसरून निघून जाता, म्हणून तिचं सगळं ठीक असावं एवढंच मागते. भाभींनी पदर डोळ्यांना लावला आणि मग एकदम गहू निवडायला लागल्या, निवडलेले होते तरी.

मग उरलेल्या दोघींनाही आपापलं ऐकायचं होतं. एकीला सांगितलं. दुसरीला म्हटलं, तुमचं इथं सांगण्यासारखं नाही. त्यावर बाकीच्यांचे कान टवकारले आणि ती म्हणाली, नका सांगू, बराबर आहे. सगळ्या हसल्या. एकीनं विचारलं की तुमचा देव आमचं कसं ऐकतो. मी म्हटलं की मी त्याला नाव-गाव काही सांगत नाही, नुसता डबा दाखवते.

मावशींची पाठ अजून माझ्याकडेच होती. ती पाठ म्हणाली, "गिरनी विकून राह्यलीस व्हय?"

"ठरलं नाही अजून."

"पुन्याला काय करशील?"

"मुलगा घरघंटी घेऊन देतो म्हणतो."

मावशी वळल्या. "घरघंटीत किती जनींचं दळन मावतंय?"

घरघंटीत एका घराचं दळण मावतं. ती झाकण लावून चालते आणि तिच्यापुढे रांग नसते.

"मंग," मावशी म्हणाल्या, "माझ्या जिभेचं ऱ्हाऊ दे. ती साठ वर्षांची झाली, आता काय वळायची न्हाई. गुडघ्याचं बोलत जा. अन् हिचं बोल," असं म्हणून त्यांनी सुनेकडे हात केला, "हिला पोर होऊन न्हाई राह्यलं. हिच्यासाठी मी लई ठिकानी जाऊन आल्ते."

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. सासू आपल्यासाठी कुठं कुठं जाऊन आली हे तिला माहीत नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लाईट आली. मोटर सुरू केली. ओढणी बांधली आणि गप्प उभी राहिले, कारण आता सगळ्या माझ्या ओढणीकडेच बघत होत्या. मावशींनी हातानं खूण केली, चालू कर म्हणून. मी केलं. ज्वारीचं पीठ गरम गरम खाली पडत होतं आणि मला इतका आनंद झाला की शेवटी मी काही न मागता नुसतीच बोलत होते.

देवानं मला स्पष्ट उत्तर दिलं असं मी सांगत फिरत नाही. लाईट गेली, एवढंच झालं, आणि मंठ्यात लाईट जायला देवाची गरज लागत नाही. पण मी नीट सांग म्हटलं होतं, आणि मावशींइतकं नीट मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तो माणूस ठरल्याप्रमाणे आला. मोटर बघितली, दगड बघितले, जागा मोक्याची आहे म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, मी भाव वाढवते आहे. तो बसूनच राहिला. रांगेतून मावशी म्हणाल्या, "जा भाऊ तुम्ही. तिचं वर बोलनं झालंय." तो छताकडे बघतच गेला.

मुलगा दोन दिवस रागावला. मग त्यानं पोती उचलायला एक माणूस लावून दिला. घरघंटी त्यानं आधीच घेऊन ठेवली होती, ती पुण्यात माझी सून वापरते. सुटीला मी जाते तेव्हा दळून बघते. पीठ बरं येतं.

पुढच्या वेळी पाळक आले तेव्हा मीच म्हटलं, आज मी प्रार्थना करते. उभी राहिले. गुडघे, सुना, मुली, परीक्षा, जेवढं आठवलं तेवढं बोलले, तीन-चार मिनिटांत आटोपलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर पुढच्या रांगेतलं बाळ रडत होतं आणि रस्त्यावर दोन माणसं थांबून आत बघत होती. आवाज गिरणीचाच लागला होता. स्वर्गापासून सुरुवात करणारे काका म्हणाले, "ताई, तुमची पोचली." त्या दिवशी चहा गरम मिळाला.

आता बायका डबा ठेवतात आणि ओढणी जरा बाजूला करून माझ्या कानात ओरडून आपलं काम सांगतात. मावशीही सांगतात, गुडघ्याचं आणि सुनेचं. जिभेचं त्या सांगत नाहीत. ते मी माझ्याकडून घालते.