हवेतला मार आणि शिंप्याची सवय

माझे जावई शिंपी. माणूस लोण्यासारखा मऊ, पण सैल खांदा दिसला की अंगात येतं. पाहुणा दारात उभा राहिला तरी आधी त्याचा खांदा बघतात, मग तोंड.

त्यातूनच सगळं रामायण घडलं. माझी नात टीव्हीला जोडून एक मारामारीचा खेळ खेळते. जपानी कार्टूनसारखी माणसं, बशीएवढे डोळे, शॉक लागल्यागत उभे केस. त्यातल्या तिच्या लाडक्या पोरीचं जाकीट ढगळ, गुडघ्यापर्यंत लोंबणारं. तसंच एक नातीने हौसेनं आणलं. ती कॉलेजला गेली आणि बापानं ते आत दाबून शिवून अंगाबरोबर करून टाकलं. वर इस्त्रीही मारली.

झालं. बोलणं बंद.

"आजी, त्यांना सांग, मीठ सरकवा."

मीठ दोघांच्या मधोमध, आणि निरोप्या मी. जावई दुकानात उलट्या बाजूनं काजं पाडायला लागले. शेवटी मीच नातीला म्हटलं, "अगं, काय केलं म्हणजे बोलशील?"

"त्यांना सांग, माझ्या खेळात मला हवेतला पूर्ण कॉम्बो मारून दाखवा. मग बोलते."

कॉम्बो काय ते मी बघून बघून शिकले. समोरच्याला खालून असा ठोसा हाणायचा की तो वर उडाला पाहिजे. मग आपण उडी मारून त्याच्यामागे जायचं आणि तो खाली टेकायच्या आत फटक्यावर फटका द्यायचा. शेवटचा जोरात, की आपटलाच. मध्ये बोट चुकलं तर तो सुटतो आणि मग आपली वरात.

जावई दुपारी जेवायला आले की सराव करायचे. बटणं दाबताना उजवा पाय मशीन चालवल्यासारखा हलायचा. उडवणं जमलं, मागे जाणं जमलं, फटकेही जमले. पण शेवटच्या फटक्याला अंगठा आपोआप मागे जायचा, त्यांचा गडी हवेत मागे सरकायचा आणि समोरचा मजेत खाली उतरून त्यांनाच बडवायचा.

"आई, हात ऐकत नाही हो."

सुट्टीच्या दिवशी नात तिची ती लाडकी पोरगी घेऊन त्यांच्याविरुद्ध खेळायला बसली. जावयांनी तिला उडवलं, बडवलं आणि शेवटी परत मागे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. नातीला राहवेना.

"आजी, त्यांना विचार, दर वेळी शेवटी मागे का येतात?"

"मागे नाही आलं तर उसवेल ना," जावई पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. शिवण संपली की दोन टाके मागे घ्यायचे, म्हणजे दोरा सुटत नाही. उभा जन्म तेच केलेलं.

नातीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. हसू दाबताना खांदे हलत होते. पण हट्ट तो हट्टच.

"आजी, त्यांना सांग, ही शिवण उसवू द्या."

जावयांनी पाय खुर्चीच्या दांडीत अडकवला. उडवली, मागे गेले, फटके दिले. शेवटाला अंगठा मागे वळू बघत होता, पण पुढेच राहिला. पडद्यावरची पोरगी धाडकन आपटली.

"लागलं नाही ना?" जावई घाबरून म्हणाले.

"आता बोलते," नात म्हणाली, आणि बोलली. "बाबा, तुला ते सैल दिसलं. मला तसंच हवं होतं. गिऱ्हाईकाला दहादा विचारतोस आणि मला एकदाही नाही."

मी स्वयंपाकघरात जाते म्हणून उठले आणि दारातच थांबले.

"गिऱ्हाईकाला न विचारता केलं तर ते परत येत नाही," जावई म्हणाले.

"मग?"

"चुकलंच माझं."

त्यांनी जाकीट मांडीवर घेतलं आणि ब्लेडनं टाके उसवायला लागले. कापड कापलेलं नव्हतं, नशीब. नातीनं दुसरं टोक ताणून धरलं आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं सांगायला लागली.

"खांदा मात्र लोंबणार बघ," ते पुटपुटले.

"लोंबू दे."

"जरासा तरी…"

"बाबा."

"बरं."