तीन तोंडांच्या चुलीचा अभिप्राय

स्तुती गोळा करून पोट भरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण गोळा केलेल्या स्तुतीतला एक शब्दही खरा न मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या मालकांचे मेहुणे. मालकांच्या मुलांचे मामा, म्हणून सगळ्या कारखान्याचेच मामा. बेळगावात आमचा लोखंडी चुली ओतायचा लहानसा कारखाना होता. एका जाळावर तीन भांडी चढायची आणि धूर नळकांड्यातून बाहेर जायचा, अशी ती चूल. मी तिथे कारकून होतो. पत्रं लिहायची आणि दर वर्षी सूचीपत्र छापून घ्यायचं, हे माझं काम. सूचीपत्रात गिऱ्हाइकांचे अभिप्राय हवेत, आणि ते आणायला घरचाच माणूस बरा, म्हणून मालकांनी मामांना नेमलं. मालकांच्या हातून आयुष्यात झालेली ही एकमेव चूक, असं मालकीणबाई सोडून सगळे म्हणत.

आपली चूल उत्तम आहे, घरची मंडळी समाधानी आहेत, अशी पत्रं टपालाने येत. मला ती बघून आनंद होई. मामा ती चष्मा न लावताच परत करत. म्हणत, "हेच पत्र जावयाबद्दलही लिहिता येईल की." त्यांना हवं असे ते निराळंच. आधी कसं भागत होतं, बदलावंसं का वाटलं, आता काय निराळं झालं आणि अजून नडतं काय, हे चार प्रश्न त्यांच्या जिभेवर बसलेले होते, आणि ते नुसत्या चुलीपुरते नव्हते. एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांची कवळी नवी आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी त्या बिचाऱ्याला मठ्ठा येईपर्यंत सोडलं नाही. टिळकवाडीतल्या एका मास्तरांच्या नव्या वहाणांची हकिकत ऐकत ते मास्तरांबरोबर त्यांच्या शाळेपर्यंत चालत गेले आणि शाळेची घंटा वाजल्यावरच परतले. चौकशी हीच त्यांची भूक होती. बाकी खाण्यापिण्याकडे लक्ष बेताचंच.

खानापुरातल्या एका सधन गृहस्थांनी आमच्या चुलीचं कौतुक चांगलं पानभर लिहून पाठवलं होतं. मामा आगगाडीने तिथे गेले, माजघरात शिरले आणि चुलीचं झाकण उचललं, तर आत मांजर व्यालेलं. मामांनी हकिकत लिहून आणली ती अशी: चूल उबदार, कोरडी, आणि तीन तोंडं असल्यामुळे पिलांना जाण्यायेण्यास सोयीची. मालक दोन दिवस जेवले नाहीत.

त्यांची आणखी एक रीत होती. लिहिलेली हकिकत ते गिऱ्हाइकाच्या घरच्यांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत आणि विचारत, कुणाची हरकत? आता आपल्याकडे हरकत विचारल्यावर गप्प बसणारा माणूस कुठून आणायचा? कुणी म्हणे जळण वाचलं ते चुलीमुळे नव्हे, सासू काशीला गेली म्हणून. मामा ते ताबडतोब खोडत. अंगठा मात्र ते कधी घेत नसत. एकदा शाईचा डबा बघून एक शेतकरी ही कोर्टाची जबानी समजून उसात पळाला होता. वर्षभर हिंडून हाती एखादी हकिकत राही, तीही लंगडी.

त्या वर्षी चुली शेडमध्ये गंजायला लागल्या होत्या. निपाणीकडून गिऱ्हाईक उठलं नाही तर भट्टी विझवावी लागेल, असं मालकांनी आम्हां दोघांना सांगितलं आणि मामांवर नजर ठेवायला मला बरोबर धाडलं. कोगनोळीजवळच्या एका खेड्यात तंबाखू पिकवणारं अठरा माणसांचं जैन घर होतं. कर्ते अण्णा तोंड भरून बोलले, "लई झ्याक चूल बगा. जळण निम्म्यावर आलं." मी ते लगेच उतरवून घेतलं आणि परतीच्या मोटारीची वेळ विचारली. मामा मात्र सोप्यात, स्वयंपाकघर दिसेल अशा जागी ठाण मांडून बसले ते दोन दिवस. अण्णांच्या बायकोला, आक्कांना, किती भाकऱ्या झाल्या, किती वाजता झाल्या, हे विचारत राहिले. थंडीचे दिवस होते. बायका शेतातून परतल्या की चूल पेटायची, आणि दिवस मावळायच्या आत अठरा ताटं उठायची, कारण मावळल्यावर त्या घरात कुणी जेवत नसे.

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं की ही चूल नव्हती तेव्हा शेवटची पंगत कधी उठायची. आक्का भांडी घासता घासता म्हणाल्या, दिवस बुडतानाच. मामांनी विचारलं, मग तुम्ही कधी जेवत होता?

"न्हाय जेवायची. उन्हाळ्यात दिस मोठा, तवा मिळायचं. थंडीत दुसऱ्या दिशी सकाळीच."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासनं. बारा झाली. आता शेवटच्या पंगतीला मीबी बसतो."

मामांची पेन्सिल थांबली. त्या घरात कुणाला याचा पत्ता नव्हता, हे त्यांच्या हळू आवाजावरूनच कळत होतं. संध्याकाळी वाचताना हे वाक्य गाळा, असं मी मामांना विनवलं. त्यांनी आक्कांनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "वाचा. पर छापू नगासा. घरातल्यांनी ऐकलं म्हंजे झालं."

मामांनी वाचलं. कुणाची हरकत, असं विचारलं. अण्णा खांबाकडे बघत होते. "हरकत न्हाय. बरोबर हाय त्ये," एवढंच ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बेळगावला येताच मी ते मालकांना सांगून टाकलं, आणि त्याची लाज मला अजून आहे. मालक धंद्यातले, निपाणी ते चिकोडी प्रत्येक जैन घरात या एका वाक्यावर चूल जाईल हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. त्यांनी मामांचे हात धरले, नाव गाळू म्हणाले, गाव बदलू म्हणाले. मामा म्हणाले, "नाव नसलं तरी तिला कळेलच की." मालकांनी भट्टीवरच्या माणसांची पोटं त्यांच्यापुढे मांडली. मामांना रडू आलं, पण वाक्य दिलं नाही. जळण निम्म्यावर आल्याचं तेवढं छापलं. चुली थोड्या खपल्या, मग लढाईत लोखंड मिळेना आणि कारखाना बंद पडला. मामा खानापुरात एका लाकडाच्या वखारीत लिहायला राहिले आणि तिथेच वारले. मालक त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत.

इतक्या वर्षांनी हे लिहून झाल्यावर ते तसंच छापायला माझा हात धजेना. मी कोगनोळीजवळच्या त्या घरी गेलो. आक्का वारल्याला वर्ष झालं होतं. अण्णा थकले होते. मी सगळं मोठ्याने वाचलं आणि हरकत विचारली.  ते म्हणाले, "छापा. पर त्या दिसापासनं ती रोज माज्या आदी जेवली, त्येबी ल्हिवा."

मामांनी लगेच विचारलं असतं, रोज म्हणजे नक्की किती दिवस? मला ते विचारवलं नाही. अण्णांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं.