नापासकरांची परीक्षा

गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेणारा माणूस कुणालाच फारसा आवडत नाही, पण नापासकरांचा राग लोक मनापासून करायचे. हे आडनाव त्यांचं नव्हतं, गावानं बहाल केलेलं होतं. परीक्षेला ते उमेदवाराच्या शेजारी काळा कोट घालून दगडासारखे बसत. "डावीकडे", "उजवीकडे" आणि शेवटी "पुन्हा या" यापलीकडे बोलत नसत. का नापास, हे तर कधीच सांगत नसत. कारण सांगितलं की लोक वाद घालतात, हे त्यांचं मत सगळ्या गावाला पाठ होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सुनेनं खुर्ची सरकवली, की ती मागे न बघता सरकवली. बायकोनं दुधाखालचा गॅस बंद केला, तर तो उशिरा बंद केला. मुलगा शहाणा, तो ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागला. बायकोला मात्र जायला ऑफिस नव्हतं. एके दिवशी तिनं औषधाच्या दुकानात चिकटवलेला कागद वाचला. गावातलं नाट्यमंडळ एक जुनं नाटक बसवणार होतं आणि म्हाताऱ्याच्या कामासाठी माणूस शोधत होतं. तिनं नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं. घरी येऊन सांगितलं, की त्यांना एक कडक माणूस हवाय. नाटक विनोदी आहे, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

निवडचाचणी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. सगळीकडे पॉलिशचा वास, आणि बसायला विक्रीच्याच खुर्च्या, प्लॅस्टिकही न काढलेल्या. दिग्दर्शिका दातांची डॉक्टर होती. सगळ्या गावानं तिच्यापुढे आ केलेला असल्यामुळे तिला कुणी उलट बोलत नसे. नापासकरांनी तिला इतक्या वेळा परत पाठवलं होतं, की तिनं शेवटी गाडीचा नाद सोडला आणि अजून ती सायकलवरूनच दवाखान्यात जायची. दारातून येणारा काळा कोट बघून तिनं शेजारच्या औषधवाल्याला कोपरानं ढोसलं. तोही त्यांच्या हातून नापास झालेलाच होता.

नाटक शंभरेक वर्षांपूर्वीचं. एक संशयी म्हातारा बायकोवर पाळत ठेवायला पेटाऱ्यात लपून बसतो आणि बायको तो पेटारा विकून टाकते. आधी बँकेतल्या रोखपालानं वाचून दाखवलं. त्याला प्रत्येक वाक्याला रडू येत होतं. मग व्यायामशिक्षकानं वाचलं. त्याचा म्हातारा बायकोवर संशय घेतोय, की तिच्याकडून कवायत करून घेतोय, ते कळेना.

नापासकर खुर्चीत ताठ बसले. सवयीनं उजवा हात खांद्यावरून गाडीतला पट्टा शोधायला गेला, तो त्यांनी परत आणला. चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"कोण आहे तिकडे? दचकून मागे वळतो. मला सगळं समजतं. घाम पुसतो."

कंसातलंही त्यांनी वाचून टाकलं, आणि तेही त्याच पट्टीत, एका सुरात. वळले नाहीत की घाम पुसला नाही. छापलेलं गाळायचं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "हुंदका देतो" आलं तेव्हा औषधवाला खुर्चीवरून घसरला. रोखपाल पुन्हा रडायला लागला, पण आता हसून. नापासकरांनी वाचन थांबवलं, हळूच कोटाच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला आणि झालं का, असं विचारलं.

डॉक्टरणीनं डोळे पुसले. एवढ्या वर्षांचं समाधान तोंडात घोळवत ती म्हणाली, "पुन्हा या."

"कारण?"

"कारण सांगितलं की लोक वाद घालतात."

नापासकर जन्मात कुठल्या परीक्षेत नापास झाले नव्हते. घरी त्यांनी मंडळाला नावं ठेवली, पण जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आरशासमोर उभे राहायला लागले. दचकायचे, वळायचे, आवाज थरथरवायचे. सुनेला वाटलं, यांना काहीतरी होतंय.

दुसऱ्या खेपेला त्यांनी हे सगळं करून दाखवलं. घशात काटा अडकलेला माणूस जेवढा अभिनय करील, तेवढा केला. कुणी हसलं नाही. आपण पास झालो, म्हणून नापासकर निर्धास्त. डॉक्टरीण मात्र कात्रीत सापडली. आता यांना नियमानं नापास करता येत होतं, पण तो पहिल्या दिवशीचा माणूस मिळाला नाही तर नाटक झोपणार होतं. तिनं बाकीच्यांना चहाला खाली पाठवलं आणि त्यांना पहिल्यासारखं वाचायला सांगितलं.

"तेव्हा तर तुम्ही नापास केलंत."

"तो सूड होता," ती म्हणाली. "आता मला एकच सांगा. शेवटच्या परीक्षेत माझं काय चुकलं होतं? मी गाडी नीट लावली होती."

नापासकरांना आठवायला वेळ लागला नाही. "गाडी उत्तम लावलीत. मी उतरलो, माझा कोट दारात अडकला, आणि तुम्ही हसलात."

"हसू आलं."

"म्हणून नापास केलं."

त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी इथे सगळे हसले, तेव्हा मी आधी कोट चाचपला."

डॉक्टरणीला आता हसता येईना. नाटक विनोदी आहे आणि लोकांनी हसावं म्हणूनच तुम्ही हवे आहात, हे तिनं दात काढण्याआधी सांगते तसं हळूहळू सांगितलं. बायको तर कडक माणूस म्हणाली होती, असं ते म्हणाले. ती म्हणाली, कडकच हवाय. तुम्ही वाकलात की मजा गेली.

नापासकरांनी बराच विचार केला. "मी हसवणार नाही. हसायचं त्यांनी त्यांच्या जबाबदारीवर."

"पास," ती म्हणाली.

तालमी गावभर गाजल्या. नापासकर नेमून दिलेल्या जागेवरून बोटभर हलत नसत आणि जो हलेल त्याला तिथल्या तिथे नापास करत. व्यायामशिक्षकाला पेटारा उचलणाऱ्या हमालाचं काम मिळालं होतं. तो तर रोजच नापास व्हायचा.

पहिला प्रयोग दुपारचा होता. बायको पहिल्या रांगेत बसली होती. पेटारा विकला गेला, हमालांनी उचलला, आणि व्यायामशिक्षकानं घाईत तो दाराच्या चौकटीवर आपटला. आतून आवाज आला, "मागे बघून वळवा."

हे संहितेत नव्हतं. नापासकरांना खरोखरच लागलं होतं आणि ते खरोखरच चिडले होते. प्रेक्षागृहात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यांच्याकडून नापास होऊन आलेलं. ते सगळे एकदम फुटले. झाकण उघडून नापासकर उभे राहिले आणि लोक शांत व्हायची वाट बघत त्यांच्याकडे तशाच थंड नजरेनं बघत राहिले. लोक शांत होईनात. सगळ्यांत मोठा आवाज त्यांच्या बायकोचा होता. जन्मभर ती ज्या माणसाला उशीत तोंड खुपसून हसली, त्याला आज तिकीट काढून हसत होती.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. मग विचारलं, "तू हसत होतीस?"

"हो."

"नेमकं कशाला?"

तिनं उभं राहून दाखवलं. ताठ मान, हात कोटाला चिकटलेले, नजर मासळीसारखी. नापासकरांनी नीट पाहून घेतलं. मान आपण एवढी वर धरत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती म्हणाली, धरता. चहा निवेपर्यंत दोघांचा यावर वाद चालला.

पुढच्या प्रयोगाला झाकण उघडल्यावर त्यांनी मान किंचित आणखी वर धरली, आणि बोलायला जरा जास्त वेळ घेतला.