मिसरच्या राजाची चौकशी

निजामाच्या राज्यातल्या तेरचा कापडवाला सोमलिंग हातात पडेल ते वाचायचा. १९४७च्या हिवाळ्यात बार्शीहून येडशीमार्गे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यात त्याला एक जाडजूड मराठी पुस्तक सापडलं: यहुदी लोकांचं जुनं धर्मशास्त्र. गळ्यात लिंग बांधलेला हा माणूस. तो ते गोष्ट म्हणून वाचू लागला आणि गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवू लागला.

त्यातली बोलणारी गाढवी सगळ्यांना पटली. "मालक उगीच मारतोय म्हणल्यावर बोलंल न्हाय तर काय करंल?" शेजारचा गुंडाप्पा तेली म्हणाला.

मग त्यानं एका राजाची गोष्ट काढली. परक्या लोकांना राबवायचा, सोडतो म्हणायचा आणि शब्द फिरवायचा. देवानं त्याच्या राज्यात बेडूक सोडले, अगदी पिठाच्या परातीत. आपलाच राजा आठवून दुकानात हशा पिकला. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचा अमीन दारात.

"ह्यो बेडूकवाला राजा कोण?"

"मिसरचा, साहेब."

"मिसर कोणत्या तालुक्यात?"

"लई लांब हाय. समुद्रापल्याड."

"म्हंजे फरार हाय," अमीन म्हणाला आणि सोमलिंगला पुस्तकासकट घेऊन गेला.

चौकशीसाठी सगळं मोठ्यानं वाचायचा हुकूम झाला. टोळधाड आली तसा अमीन खुर्चीत पुढं सरकला. समुद्र दुभंगला तेव्हा कोठडीतला कोंबडीचोरही गजांना येऊन चिकटला. राजाची फौज बुडाली. अमीन पडला सरकारी नोकर. "वाईट झालं," असं म्हणून तो तोंड फिरवून हसला.

चौथ्या दिवशी देवाच्या तंबूचं वर्णन निघालं. पडदे किती, किती हात लांब, किती रुंद. सोमलिंगचं भान हरपलं. एवढा मोठा देव, आणि कापडाचं माप स्वतः सांगतोय! तो एकेक पडदा दोनदा वाचू लागला.

"लढाई कवा हाय?" अमीनानं जांभई दिली.

"थांबा साहेब, बकऱ्याच्या केसांचे पडदे राहिलेत अजून."

अमीनानं शेरा मारला, 'मजकूर कापडाबाबत', आणि त्याला बाहेर काढलं. सोमलिंग "एवढं पान होऊ द्या" म्हणत होता.

घरी बायको नीलम्मा घाबरून बसलेली. "मारलं का वो?"

"सुतळी आण," तो म्हणाला.

दोघांनी अंगणात तंबू आखायला घेतला. पण लांबी थेट शेजारच्या सिद्रामप्पाच्या गोठ्यात शिरली. सिद्रामप्पा बाहेर आला. "म्हस हलवायची म्हणून लिव्हलंय का तुमच्या पुस्तकात?"

सोमलिंगनं पान पुन्हा बारकाईनं वाचलं. म्हशीबद्दल काहीच आज्ञा नव्हती. मग त्यांनी देवाचा तंबू म्हशीला वळसा घालून आखला.