स्वानाच्या मानेची त्रेचाळीस शब्दांची यादी

स्वाना डावीकडे बघायची म्हणजे अख्खी वळायची. आधी पाय, मग कंबर आणि सगळ्यांत शेवटी डोकं. दुकानात कुणी डाव्या हाताला उभं राहून हाक मारली की तिचं वळणं होईपर्यंत तो माणूस रागावून निघूनही जायचा. ‘स्वानाला हल्ली शिंगं फुटलीत’ हे गावात दोन हिवाळे चघळलं गेलं, आणि ते चघळण्यात आम्ही कुणीच मागे नव्हतो.

शिंगं कसली फुटतात! सोळाव्या वर्षी ती मासळीच्या कारखान्यात उभी राहिली, ती एक्केचाळीस वर्षांनी बाहेर पडली. खालून उजेड येणाऱ्या टेबलावर कॉड माशाचे तुकडे पसरायचे, मान खाली घालायची आणि चिमट्याने एकेक किडा वेचायचा. या काळात दोन नवरे झाले, तीन मुलं झाली, मालक चार बदलले. मान मात्र खालीच राहिली. आता ती वर यायला तयार नव्हती.

फ्योर्दच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, आमच्या या टोकाला अंग चोळून सांधे मोकळे करणारी फिलिपा महिन्यातून एकदा यायची, तीही खिंड उघडी असली तर. बाई पोर्तुगालची. हात सोन्याचे, पण आपली भाषा ओ की ठो येत नाही. सगळा कारभार इंग्रजीत. स्वानाचं इंग्रजी म्हणजे ‘येस’ आणि माशांची नावं. सप्टेंबरात फिलिपाने काहीबाही विचारलं, ही प्रत्येक गोष्टीला ‘येस’ म्हणत गेली, आणि वीस मिनिटांनी घशाचे व्यायाम लिहून घेऊन घरी आली. आठवडाभर आरशासमोर ‘आऽऽ’ करत बसली होती बिचारी. ऑक्टोबरात वादळाने खिंड बंद. डिसेंबरात फिलिपा आपल्या आईकडे जाणार. म्हणजे नोव्हेंबरातला तो एक गुरुवार हुकला, तर मान जानेवारीपर्यंत अशीच.

मग स्वानाने मनावर घेतलं. मुलीचा जुना शब्दकोश काढला आणि कॅलेंडरच्या पाठीवर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आपलं, असे अकरा शब्द मांडले. नेक म्हणजे हाउल्स. थ्रोट म्हणजे घसा, त्यावर तिने दोनदा फुली मारली. स्टिफ नेक, आखडलेली मान, म्हणजे हाउल्सरीगुर, त्याखाली तीन रेघा. अकरा शब्दांत तिचं दुखणं पुरतं बसत होतं. इथेच थांबायचं ना! पण एका शब्दाबद्दल शंका होती म्हणून ती कॅलेंडर घेऊन पोहण्याच्या तलावावरच्या गरम पाण्याच्या कुंडात गेली. तिथे रिटायर्ड मास्तर हाफ्लिदी सकाळी नऊपासून गळ्यापर्यंत बुडालेला असतो.

आता आमच्याकडे परक्या शब्दांना आपले शब्द शोधून द्यायला विजेवाल्यांची शब्द-समिती आहे, जाळी विणणाऱ्यांची आहे, घोडेवाल्यांची तर दोन आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. गरम पाण्यात तीन माणसं आणि एक कागद जमला की पाचवी समिती झालीच म्हणून समजा.

“नेप,” हाफ्लिदीने कागद लांब धरून वाचलं. “इथे तू ह्नाकी लिहिलंयस.”

“मग? चुकलं का?”

“चुकलं नाही गं, पण ढोबळ झालं. मानेच्या मागे मधोमध तो खळगा असतो ना, त्याला ह्नाकाग्रोव म्हणतात. तो वेगळा लिहायला हवा.”

“अरे, पण मला खळग्यात दुखत नाही!”

“यादी काय तुझ्या एकटीची आहे?” समोरून ओर्नोल्फुर म्हणाला. हा एके काळचा कप्तान. “गळ्यातला कंठमणी घाल. माझा बघ केवढाय.”

“तुझा कंठमणी कुणी दाबणारे का, ओर्नोल्फुर?”

“तिने म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.”

दुसऱ्या दिवशी कॉलर आली, मफलर आला, मोत्यांची माळ आली. तिसऱ्या दिवशी बाटलीची मान.

“बाटलीला हाउल्सरीगुर होत नाही!” स्वाना ओरडली. शेजारच्या तलावातली पोरं पोहायची थांबली.

“शब्द हा शब्द असतो, स्वाना,” हाफ्लिदी म्हणाला. “ज्याला बाटली आवडते त्याने काय करायचं?”

“त्याने पिऊन गप्प बसायचं.”

बाटली राहिली, तीन विरुद्ध एक. तिसरं मत तलाव सांभाळणाऱ्या आस्लाउगचं. तिला खरं म्हणजे मत नव्हतंच, पण यादीला प्लॅस्टिक मढवायचं मशीन तिच्या ऑफिसात होतं. कॅलेंडर तोवर दोनदा पाण्यात पडून शाई पसरली होती. त्रेचाळीस शब्द झाले. हाफ्लिदीने फर्मावलं, “सोमवारी सकाळी सुवाच्य अक्षरात उतरवून आण. तुझं अक्षर छान आहे.”

स्वाना खुशीने फुगली. एक्केचाळीस वर्षांत तिच्या कशालाच कुणी छान म्हटलं नव्हतं. सोमवारी पहाटे उठून, मान मोडून, दर चार शब्दांना कण्हत तिने यादी उतरवली. सवानऊला फिलिपाच्या गुरुवारासाठी दवाखान्यात फोन लावला. नंबर लावायची वेळ आठपासून होती.

“भरलं गं सगळं,” परिचारिका म्हणाली. “आठच्या आठ जागा. पावणेनऊलाच भरलं.”

स्वानाने फोन ठेवला. म्हणाली असेल मनात, कारखान्यातल्याच कुणी असतील, त्यांच्याही माना गेल्यात. यादी मढवून तिने दवाखान्यात नेऊन दिली आणि घरी येऊन मानेवर गरम पिशवी ठेवली.

शुक्रवारी ती कुंडात उतरली तेव्हा तिथे लग्नघर झालं होतं.

“सगळे शब्द चालले!” हाफ्लिदीने पाण्यावर थाप मारली. “मी ह्नाकाग्रोववर बोट ठेवलं, तिने वाचलं, आणि बरोब्बर तिथेच दाबलं. काय बाई आहे!”

“तू गेला होतास?” स्वानाने विचारलं.

“अगं, शब्द जित्या मानेवर तपासायला नको का? मी गेलो, ओर्नोल्फुर गेला, आस्लाउग गेली, तिची बहीण...”

“मी मोत्यांची माळ घालून गेले,” आस्लाउग म्हणाली.

“माझा कंठमणी तिने दोनदा दाबला,” ओर्नोल्फुर म्हणाला. “बाटली मात्र तपासायची राहिली.”

स्वाना हळूहळू वळली. पाय, कंबर, डोकं. हाफ्लिदीच्या तोंडासमोर आल्यावर थांबली.

“तुझी मान दुखत होती, हाफ्लिदी?”

“माझी? छे! माझी मान अठरा वर्षांच्या पोरासारखी आहे.”

उशिरा का होईना, एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. ओर्नोल्फुरने कंठमण्यापर्यंत स्वतःला बुडवून घेतलं.

“हात दे,” स्वाना म्हणाली. तिने हाफ्लिदीचे दोन्ही हात धरून आपल्या मानेवर ठेवले आणि त्याच्याकडे पाठ केली. “दाब. जानेवारीपर्यंत रोज. नाही दाबलंस तर त्या बाटलीसकट बुडवीन.”

मास्तर घाबरून दाबू लागला. “हे ह्नाकाग्रोव...”

“नाव सांगू नकोस. खाली.”

“इथे?”

“अजून खाली. उजवीकडे. हां, तिथेच गाठ आहे.”

हात थांबले.

“स्वाना,” हाफ्लिदी चाचरत म्हणाला, “इथून पुढे खांदा सुरू होतो. तो आपल्या यादीत नाही.”