निर्दोष सुटल्यानंतरचं पान

आम्रपाली खरातला कुणी ‘नाही’ म्हटलं की तिचं नाक लाल व्हायचं. आष्ट्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, साताऱ्यात डॉ. सुमंत वैशंपायनांना मात्र माहीत नव्हतं. समाजकार्याच्या कॉलेजात ते तिचे मार्गदर्शक. मूळचे वाईचे, बोलायला मऊ, आणि मऊ बोलून विद्यार्थ्याला आपल्याला हव्या त्या वाटेला लावण्यात हातखंडा. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात तिनं आपल्या प्रबंधाचा विषय त्यांच्यापुढं ठेवला. खटला चालेपर्यंत तुरुंगात राहिलेली आणि मग निर्दोष सुटलेली माणसं पुढं कशी जगतात, हा तो विषय.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “विषय चांगला आहे. पण यावर संदर्भ कुठे आहेत? कोणी काही लिहिलंय? त्यापेक्षा हुंड्यावर कर. हुंड्यावर आपल्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत.”

“सर, ज्यावर कपाटभर आहे त्यावर मी आणखी एक कशाला लिहू?”

सरांना अशा उत्तरांची सवय नव्हती. पण माणूस नियमाचा. त्यांनी अट घातली की टाइप केलेली दोन पानं भरतील एवढे संदर्भ दिवाळीच्या सुट्टीनंतर आणून दाखवायचे, नाहीतर गपगुमान हुंडा घ्यायचा. आम्रपाली ‘बरं’ म्हणाली. नाक तोवर लाल झालेलं होतं.

विषय तिनं पुस्तकातून काढला नव्हता. तो तिच्या घरात रोज संध्याकाळी जेवायला बसत होता. तिचे वडील हिंदुराव, घरातले आण्णा, एके काळी नदीकाठच्या एका गावात पाणीपुरवठा संस्थेच्या पंपावर राखणदार होते. आम्रपाली तिसरीत असताना एका सकाळी त्या पंपाची मोटार गायब झाली. मोटार काही पिशवीत घालून नेता येत नाही; चार माणसं लागतात, गाडी लागते, पाने-पहारी लागतात. पण एवढा विचार कोण करणार? राखणदार गरीब, बौद्ध वस्तीतला आणि समोर उभा. झालं काम. जामीन राहायला कुणी पुढं आलं नाही, आणि आण्णा वर्षभर कच्चे कैदी म्हणून सांगलीच्या तुरुंगात पडून राहिले. शेवटी कोर्टात साक्षीदार एकमेकांच्या उलट बोलले आणि न्यायाधीशांनी संशयाचा फायदा देऊन आण्णांना निर्दोष सोडलं.

फायदा म्हणे! संस्थेनं कामावर परत घेतलं नाही. दुसऱ्या कुणी साधी ऊसाची राखण दिली नाही. लोक म्हणायचे, सुटला खरा, पण संशय होताच की. हिंदुराव खरात हे नाव मागं पडलं आणि ‘मोटारवाला’ हे नाव पुढं आलं. शाळेत आम्रपालीची हजेरी घेतली की मागच्या बाकावरून मोटार सुरू झाल्याचा आवाज यायचा. अशा वेळी ती मागं वळून आवाज काढणाऱ्याकडं बघत उभी राहायची, तो खाली मान घालेपर्यंत बसायची नाही. आण्णांनी मात्र वेगळा रस्ता धरला. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायला जाऊ लागले, कारण तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आणि त्या वर्षाबद्दल त्यांनी घरात कधी तोंड उघडलं नाही.

आता लेक संदर्भ शोधायला निघाली. साताऱ्यातल्या एका वाचनालयात तिनं गुन्ह्यावरची पुस्तकं मागितली, तर ग्रंथपालबाईंनी मोठ्या तत्परतेनं रहस्यकथांचं कपाट उघडून दिलं. “ही सगळी गुन्ह्याचीच. फार मागणी आहे यांना.” त्या कपाटात खून भरपूर होते, पण निर्दोष सुटून घरी गेलेला माणूस एकही नव्हता. शेवटच्या पानावर खुनी सापडला की लेखक मोकळा.

कॉलेजच्या ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर गुन्ह्यांचे सरकारी वार्षिक अहवाल होते. त्यांना हात लावला तर शिंकच यायची. नोंदलेले गुन्हे, अटक, शिक्षा, निर्दोष, असे रकाने. तिनं आण्णा सुटले ते साल काढलं आणि ‘निर्दोष’च्या रकान्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. त्या हजारोंमध्ये एक तिचे आण्णा होते. कुठला एक, हे सांगायला अहवालात जागा नव्हती. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि पहिला संदर्भ तिनं त्या संतापातच उतरवून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत ती आष्ट्याला आली. घरी फराळाचा वास सुटला होता आणि ही सकाळच्या एसटीनं आण्णांबरोबर सांगलीला निघाली. वकिलांच्या खोलीत कोर्टाच्या निकालांचे जाडजूड खंड असतात, असं तिनं ऐकलं होतं. दारावरच्या शिपायानं हात आडवा घातला.

“ही खोली वकिलांची हाय. सनद हाय का?”

“सनद नाही. वाचता येतं.”

“मग भायेर बसा.”

ती खरंच बाहेरच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली, तिसऱ्या दिवशीही. शिपायाला वाटलं होतं पोरगी कंटाळून जाईल, कंटाळला तो. शेवटी भार्गवी साने नावाच्या वकीलबाई तिच्यासमोर थांबल्या. “कुणाची केस आहे तुझी?”

“वडिलांची. निकाल लागून बरीच वर्षं झाली.”

वकीलबाई हसल्या नाहीत. “ही आज माझ्याबरोबर आहे,” असं शिपायाला सांगून त्यांनी तिला आत नेलं.

आत खंडांच्या भिंती होत्या. कित्येक खंडांतली पानं ब्लेडनं कापून नेलेली. आपल्याला हवा तो निकाल समोरच्या वकिलाला सापडू नये म्हणून पानच पळवायचं, ही त्या खोलीतल्या काहींची जुनी खोड होती. आम्रपालीला गंमत वाटली. चोरीचे खटले चालवायचे आणि पानं चोरायची! पण कापलेली पानं हे खरं दुखणं नव्हतं. शाबूत निकाल ती वाचत गेली आणि प्रत्येक निकाल एकाच जागी येऊन संपू लागला. आरोपीला मुक्त करण्यात यावं. पूर्णविराम. खाली दुसरा खटला सुरू.

“बाई, यातलं पुढचं पान कुठंय?”

“कसलं पुढचं?”

“सुटल्यानंतरचं.”

भार्गवीबाईंनी खंड मिटला. “ते कुणी छापत नाही. कोर्टाचं काम तिथे संपतं.”

“आमचं तिथंच सुरू झालं,” आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि शेजारच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. तिनं तो खाली आणला नाही.

भार्गवीबाईंनीच तिला पुढची वाट दाखवली. परदेशातल्या ग्रंथालयांच्या याद्या आता म्हणे संगणकावर दिसतात, आणि सांगलीतच विश्रामबागेत भाऊसो नावाच्या एका एसटीडीवाल्यानं इंटरनेट आणलंय. आम्रपाली त्या दुपारीच तिथं जाऊन धडकली. भाऊसोनं आधीच ताकीद दिली. “ताई, लाइन एकच हाय. फोनचं गिऱ्हाईक आलं की तुमचं इंटरनेट बंद. मग वरडायचं न्हाई.”

मशीन आधी किंचाळलं, मग घरघरलं आणि एकदाचं लागलं. तिनं इंग्रजीत ‘तुरुंग’ असा शब्द टाकला. आलं काय, तर कुठल्याशा जुन्या तुरुंगात काढलेल्या हॉटेलाचं पान. खोल्या, नाश्ता, सगळं. लोक हौसेनं तुरुंगात राहायला जातात हे बघून तिनं कपाळावर हात मारला. दुसरं पान उघडत होतं तेवढ्यात एक म्हातारी दारात आली. “आवं ताई, जरा सोडा की ती लाइन. पोरगं मिल्ट्रीत हाय, जम्मूला. या टायमालाच घावतंय.” लाइन सोडली. परत लावली. परत सोडली.

असं करत चौथ्या-पाचव्या फेरीला एका दुपारी तिला हवं ते सापडलं. अमेरिकेतल्या कुठल्या तरी कॉलेजच्या ग्रंथपालानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवलेलं पान होतं ते. गुन्हा आणि न्याय यांचा अभ्यास करणाऱ्यानं कुठं शोधावं, कुठली नियतकालिकं बघावीत, सरकारी आकडे कुठं मिळतात, आणि मुख्य म्हणजे कुठले शब्द टाकावेत. नुसता ‘गुन्हा’ शोधत बसू नका, तुमचा प्रश्न ज्या शब्दात आहे तो शब्द शोधा, असं त्यात सांगितलं होतं. आम्रपालीला एकदम भरून आलं. सातासमुद्रापलीकडच्या त्या माणसानं तिला सनद विचारली नव्हती. तिनं ‘सुटकेनंतर’ असा शब्द टाकला आणि याद्यांमागून याद्या उघडत गेल्या. न केलेल्या गुन्ह्यासाठी आत राहिलेली माणसं, त्यांना न मिळालेलं काम, मोडलेले संसार, तोंड फिरवणारे शेजारी. भाऊसोच्या प्रिंटरनं करकर करत दोन पानांहून जास्त कागद ओकला.

परतीच्या एसटीत ती आण्णांच्या शेजारी बसली. त्यांच्या हाताला हळद तशीच होती.

“आण्णा, अमेरिकेत बी हायेत.”

“काय?”

“तुमच्यासारखी मानसं. सुटल्यावर कुनी कामाला घेत न्हाई. त्यावर पुस्तकं लिवल्यात.”

आण्णांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. मग म्हणाले, “तितं बी मोटार व्हती काय?”

“न्हाई. दुसरं कायबाय.”

आष्ट्याचा स्टँड आला, माणसं उठली. आण्णा जागचे हलले नाहीत. “त्या पुस्तकांत त्यांची नावं घातल्यात?”

“काही जनांची घातल्यात.”

“मग माजं बी घाल,” आण्णा म्हणाले आणि पिशवी उचलून उतरले.

त्या रविवारी त्यांनी बोलायला सुरुवात केली. आम्रपालीची आई बाळाबाई आधी चिडली. “कशाला परत त्ये उकरून काडताय? लोकं इसरल्यात आता.” आण्णा म्हणाले, “इसरल्यात व्हय? मग परवा गिरणीत मला कुनी काय म्हनून हाक मारली?” बाळाबाई आत निघून गेली आणि थोड्या वेळानं स्वतःच येऊन शेजारी टेकली. आण्णा जे विसरले होते ते तिला सगळं आठवत होतं.

साताऱ्याला परत गेल्यावर सरांनी यादी पाहिली आणि ते खूश झाले. इंग्लंड काय, अमेरिका काय! विषय मंजूर झाला. पुढं प्रबंध लिहून झाला, आणि शेवटच्या वाचनात सरांचं बोट संदर्भसूचीतल्या एका ओळीवर थांबलं. खरात, हिंदुराव बाबू, आष्टा, प्रत्यक्ष मुलाखत.

“हे एवढं काढून टाक. वडील आहेत तुझे. शिवाय आरोपी.”

“आरोपी नाहीत सर. निर्दोष.”

“हो, पण संशयाचा फायदा...”

“सर, तुम्हीसुद्धा?”

सर चपापले. मग त्यांनी मऊ आवाज लावला. बाहेरचे परीक्षक फार कडक आहेत. विद्यार्थी दुसऱ्याच्या प्रबंधातून याद्या उचलतात म्हणून ते कुठल्याही संदर्भावर बोट ठेवून तो कुठल्या ग्रंथालयात पाहिला, असं विचारतात. उत्तर आलं नाही की नापास. “एका ओळीसाठी दोन वर्षं घालवणार आहेस का?”

“घालवीन,” आम्रपाली म्हणाली. “नाव निघणार नाही. त्यांच्यावर आजवर दोनच ठिकाणी लिहिलं गेलं, पोलिसांच्या कागदात आणि कोर्टाच्या. या तिसऱ्या ठिकाणी ते स्वतः बोललेत. ते तेवढं मी पुसू?”

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक पुण्याचे, आणि ख्यातीप्रमाणे त्यांनी सुरुवातच यादीपासून केली. एका अमेरिकन लेखावर बोट ठेवून विचारलं, “हा कुठे पाहिलात?”

“सांगलीत, विश्रामबागेतल्या एसटीडीच्या दुकानात.”

परीक्षकांना हसू फुटलं. सर काही हसले नाहीत, कारण बोट खाली सरकत होतं. ते खरातांवर येऊन थांबलं.

“आणि हा? हा कुठल्या ग्रंथालयात पाहायला मिळेल?”

आम्रपालीचं नाक लाल झालं होतं. “हा संदर्भ बाहेर बाकावर बसलाय, सर. बोलावू का?”

सरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक यादी खाली ठेवून म्हणाले, “बोलवा.”

आण्णा आत आले. धुतलेला पायजमा, पांढरा शर्ट, टोपी हातात, आणि घासघासूनही नखांत राहिलेली हळद. समोर खुर्ची होती, पण ते भिंतीजवळ हात बांधून उभे राहिले. परीक्षकांनी विचारलं, “तुम्हीच हिंदुराव खरात? यात लिहिलंय ते तुम्ही सांगितलेलं आहे?”

“व्हय सायेब. पर एक ऱ्हायलंय.”

“काय राहिलं?”

आण्णांनी एकदा लेकीकडं पाहिलं. “कोर्टात ह्ये खरं हाय का, त्ये खरं हाय का, एवढंच इचारलं. मी आपलं खोटं हाय, खोटं हाय म्हनत ऱ्हायलो. बाकी वकीलच बोलला. म्हनून आता सांगतो. मोटार मी चोरली न्हवती. त्यो संशयाचा फायदा मला नको हाय. त्यो परत घ्या, आनि ह्ये एवढं ल्हिवा.”

परीक्षकांनी पेन उघडलं, प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आण्णांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरवलं आणि खाली आपली सही केली. “वैशंपायन, हा संदर्भ तपासून झाला,” असं म्हणत ते उठले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली. “बसा आता, हिंदुराव.”

मग आण्णा बसले.