न धरलेल्या गुळाची पोस्ट

बी.एड.ला असताना ब्राह्मी चौगुले यांनी एक जाडजूड फाईल केली होती. वर सोनेरी अक्षरं, आत वर्षभराच्या पाठांची टाचणं. परीक्षकांनी ती हातात तोलून पाहिली आणि न उघडताच बाजूला ठेवली.

कर्नाटकातल्या संकेश्वरजवळच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर बाईंनी नववीतल्या प्रत्येकाला ब्लॉग काढून दिला. प्रयोग केला की फोटो टाकायचा, काय झालं ते लिहायचं. फसलं तर फसलं म्हणून लिहायचं. मुलगा वर्षभर कसा शिकला, हे उघडणाऱ्याला दिसलं पाहिजे.

बाई रोज निपाणीहून येत. संध्याकाळी वडील पारिसाआप्पा विचारत, "आज काय शिकवलीस?"

"गूळ."

"गूळ शिकवायला सरकार पगार देतंय व्हय गं?"

गुळाचा प्रकल्प प्रियदर्शनीचा होता. काका ज्योतिबाआप्पांच्या गुऱ्हाळावर ती छोट्या पातेल्यात रस उकळायची, मळी काढायला भेंडीचं पाणी घालायची आणि गूळ धरतो का, म्हणजे थंड झाल्यावर घट्ट बसतो का, ते बघायची.

हेडमास्तर गोमटेश सरांनी एक दिवस स्पष्टच सांगितलं, "तालुक्याहून साहेब येणार आहेत. त्यांनी ब्लॉगला प्रकल्प म्हणून गुण दिले तर ठीक. नाहीतर परत चार्टपेपर."

साहेब आले तेव्हा भिंतींना नव्या चुन्याचा वास होता. नागेंद्र साहेब धारवाडकडचे. मराठी जपून बोलायचे, पण वाचायचे नीट. पडद्यावर एकामागून एक ब्लॉग उघडत गेले आणि साहेबांचा चेहरा आंबट होत गेला.

"सगळ्यांचं सगळं पहिल्या झटक्यात बरोबर? कुठून उतरवून घेतलंय?"

ब्राह्मीबाई एकेक ब्लॉग वरखाली करून बघायला लागल्या. वाकडं उगवलेलं बी, फुटलेली परीक्षानळी, पातळ राहिलेला गूळ, सगळं गायब होतं.

"बाकीच्या पोस्ट कुठायत रं?" बाईंनी वर्गाला विचारलं.

प्रियदर्शनी उठली. "टीचर, पावनं येणार म्हटल्यावर अंगण सारवून घेतोय न्हवं? तसं समद्यांनी साफ केलं."

गोमटेश सर चुन्याच्या भिंतीकडं बघायला लागले.

"पुसलंस?" बाईंचा आवाज चिरकला.

"न्हाय, न्हाय! नुसतं झाकलंय. ड्राफ्टात हाय."

"मग काढ की बाहेर," साहेब म्हणाले.

तिनं भराभर क्लिक केलं आणि तिच्या झाकलेल्या पोस्ट आपापल्या तारखांना परत येऊन बसल्या. एक साहेबांनी मोठ्यानं वाचली: 'आज गूळ धरला नाही. काका म्हणाले, भाकरीला लावून खा.' वर्ग खदखदला. साहेबही हसले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले.

"दोनदा धरला नाही, बाकी वेळा धरला. का?"

"भेंडी कमी पडली असंल," प्रियदर्शनी म्हणाली.

"सगळीकडं भेंडी सारखीच लिहिलीय तू."

"मग जाळ..." ती थांबली. दोन्ही फसलेल्या पोस्टचे फोटो तिनं शेजारी शेजारी लावले, खाली चांगल्या गुळाचे. बाईही पुढं सरकल्या. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"टीचर, ऊस बघा! चिखलाची रेघ!"

दोन्ही फोटोंत उसाच्या खालच्या कांड्यांवर वाळलेला गाळ दिसत होता. चांगल्या गुळाच्या फोटोंत ऊस स्वच्छ.

"हा नदीकडचा! हिरण्यकेशीच्या पुरात बुडलेला! तो स्वच्छ दिसतोय तो माळाचा!"

बाकं करकरली. अख्खा वर्ग पडद्यापाशी गोळा झाला. जो तो आपलीच फसलेली पोस्ट उघडा म्हणून ओरडत होता आणि गोमटेश सर कुणालाच गप्प करत नव्हते.

"म्हणजे पुराच्या उसाचा गूळ धरत नाही. नक्की?" साहेबांनी विचारलं.

"नक्की न्हाय सर. आता दोन्ही ऊस घ्यायचं. भेंडी तीच, जाळ तोच. मग कळंल."

साहेब हेडमास्तरांशी कन्नडमध्ये थोडंसंच बोलले. ब्लॉगला गुण मिळतील, पण फसलेलं झाकलं तर कापले जातील. मग त्यांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. "पुढचा कोण? नळी फुटलेला?"

संध्याकाळी बसची वाट बघताना ब्राह्मीबाईंच्या फोनवर नवी पोस्ट आली: 'पुराचा ऊस की दुसरं काही? अजून माहीत नाही.' खाली ज्योतिबाआप्पांनी लिहिलं होतं, 'उद्या ये. दोन्हीकडचा ऊस तोडून ठेवतो.'

बाईंनी ती पोस्ट वडिलांना पाठवली. बस यायच्या आत उत्तर आलं: 'उद्या काय झालं ते पण पाठीव.'